विमा उतरविला, पुढे काय?

दसऱ्याच्या दिवशी मोटारीला झेंडूची माळ घालावयास हिंगोलीत कोणी विसरत नाही. नवी गाडी घेणारा गृहस्थ ती प्रथम औंढ्याला नागनाथाच्या दर्शनास नेतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, पुढे मिरच्या टांगतो. श्रद्धेची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. रस्त्यांची अवस्था आणि वाहने हाकणाऱ्यांची वृत्ती पाहता देवाचे साहाय्य जितके मिळेल तितके हवेच. परंतु ह्याच गृहस्थास त्याच्या विम्याच्या करारात काय लिहिले आहे असे विचारावे, तर तो कागद एजंटाकडे असल्याचे उत्तर मिळते. हल्ली तर कागदही राहिला नाही. करार भ्रमणध्वनीवर येतो, इंग्रजीत येतो, आणि अपघात होईपर्यंत तेथेच न उघडता पडून राहतो.

हा विषय पहिल्या पानावर आणण्याइतका मोठा आहे काय, अशी शंका काही वाचकांना येईल. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, कळमनुरीवरून नांदेडास जाणारा महामार्ग रुंद झाला तसा वाहनांचा वेगही वाढला. ‘एमएच-38’ ह्या अक्षरांची पाटी मिरविणाऱ्या मोटारी आता मध्यमवर्गीयांच्या दारोदार आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक कर्जाऊ आहेत. शिक्षकाने किंवा बँकेतील कारकुनाने आठ-दहा लाखांची वस्तू घ्यावी, वर्षानुवर्षे हप्ते भरावेत आणि एका रात्रीच्या अपघातानंतर दावा नामंजूर झाल्याचे पत्र हाती यावे, ही आपत्ती अवर्षणाइतकी गाजत नसली तरी त्या एका घरापुरती तितकीच भयंकर असते.

विमा म्हणजे एकच वस्तू आहे असा सर्वसाधारण समज आहे; तो चुकीचा आहे. कायद्याने जो सक्तीचा आहे तो आपल्या गाडीमुळे दुसऱ्यास होणाऱ्या इजेचा व नुकसानीचा. मुंबई इलाख्यात तो 1946 च्या जुलैपासून सक्तीचा झाला, तेव्हा आपला हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. आज 1988 च्या मोटार वाहन कायद्यान्वये तो सर्वत्र सक्तीचा असून तो नसल्यास पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा विमा हा निराळा व ऐच्छिक आहे. केवळ पोलिसांस दाखविण्यापुरता स्वस्त विमा घेणाऱ्याने पुढे आपल्या गाडीच्या चेपलेल्या दाराची भरपाई मागण्यात अर्थ नाही.

खरा घोटाळा अपघातानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत होतो. आपल्याकडे अपघात झाला की प्रथम गर्दी जमते, मग गर्दीतून एक मध्यस्थ निघतो आणि ‘इथेच मिटवा’ असा आग्रह सुरू होतो. पाच-दहा हजारांची देवघेव होते, कोणी तरी ‘चूक माझी’ असे चिठ्ठीवर लिहून देतो व सर्वजण चहा पिऊन पांगतात. चार दिवसांनी जखमीच्या पायाचे हाड मोडले असल्याचे निष्पन्न होते, किंवा गाडीचा सांगाडाच वाकला असल्याचे गॅरेजवाला सांगतो, आणि मग विम्याची आठवण होते. विम्याच्या करारात मात्र स्पष्ट अट असते की, कंपनीच्या लेखी संमतीवाचून विमेदाराने कोणतीही कबुली, वचन अथवा पैसे देऊ नयेत. म्हणजे रस्त्यावर दाखविलेले औदार्य हेच पुढे दावा नाकारण्याचे निमित्त ठरू शकते. समेटाची वृत्ती वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण जखमीस दवाखान्यात नेणे ही माणुसकी, आणि चिठ्ठी लिहून देणे हा निव्वळ अविचार.

कायद्याच्या कलम 134 मध्ये चालकाची कर्तव्ये सांगितली आहेत: जखमीस वैद्यकीय मदत मिळवून द्यावयाची, पोलिसांस 24 तासांच्या आत कळवावयाचे आणि विमा कंपनीस अपघाताची लेखी माहिती द्यावयाची. दूरध्वनीवरून कळविले तर दाव्याचा क्रमांक मागून टिपून ठेवावा. गाडी हलविण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, फक्त तो जखमींकडे न रोखता गाडीकडे रोखावा. कोणास इजा झाली असेल तर पोलिसांत नोंद व पंचनामा अपरिहार्य समजावा. आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गॅरेजवाल्यास एक बोल्टही सैल करू देऊ नये. आमच्या ओळखीच्या अनेकांचे दावे ह्या शेवटच्या घाईतच अडकले आहेत.

सर्व्हेअरविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. विमा नियामक प्राधिकरणाने 2024 च्या जूनमध्ये काढलेल्या आदेशाप्रमाणे दावा कळविल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमला पाहिजे, त्याचा अहवाल 15 दिवसांत आला पाहिजे आणि अहवाल हाती आल्यावर कंपनीने 7 दिवसांत निर्णय दिला पाहिजे. मुंबईत बसून हे नियम वाचावयास फार गोड वाटतात. सेनगावच्या पुढे नाल्यात पडलेल्या मोटारीचा मालक जेव्हा नांदेडहून येणाऱ्या सर्व्हेअरची वाट पाहत बसतो, तेव्हा त्याला ह्या मुदती ठाऊकही नसतात. आणि ठाऊक नसलेला हक्क मागावयाचा कसा? तीच गत गाडी ओढून नेण्याच्या खर्चाची. मोटारीच्या सर्वसाधारण करारात ह्या खर्चाची मर्यादा 1,500 रुपये ठरलेली होती आणि अनेक करारांत ती तशीच चालत आली आहे. बिनरोकड दुरुस्तीची मान्यताप्राप्त गॅरेजे जर नांदेडास असतील, तर हिंगोलीहून 80-90 किलोमीटर क्रेन लावून त्या रकमेत गाडी कोण नेणार? नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईचे अंतर असते, सेनगावचे नसते.

भरपाई पुरी मिळत नाही ही तक्रार तर सार्वत्रिक आहे. तिच्यात अर्धे सत्य असते. रबर, नायलॉन व प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो, काचेवर काही कापले जात नाही, आणि धातूच्या भागांवरील कपात गाडीच्या वयाबरोबर वाढत जाऊन पाचव्या वर्षानंतर 40 टक्के व दहाव्यानंतर 50 टक्के होते. ही कपात लबाडी नव्हे, ती करारात लिहिलेली असते. ती नको असेल तर अधिक हप्ता भरून घसाऱ्याविना विमा घेता येतो. लबाडी असते ती विकताना हे न सांगण्यात.

जुनी गाडी घेणाऱ्यांची कथा ह्याहून वाईट. हिंगोलीत जुन्या मोटारींचा व्यवहार मोठा आहे, आणि नोंदणीपुस्तकावर नाव चढले की काम झाले अशी समजूत. कायद्याचे कलम 157 असे सांगते की, विक्रीबरोबर विमा नव्या मालकाकडे आपोआप गेला असे मानावे. पण न्यायालयांनी 1996 पासून त्याचा अर्थ तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरताच घेतला आहे. नव्या मालकाने 14 दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करून करारावर आपले नाव लावून घेतले नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीबाबत कंपनी सरळ हात वर करते. हप्ता जुन्या मालकाने भरलेला, गाडी नव्याची, आणि भरपाई कोणालाच नाही.

कंपनीने ‘नाही’ म्हटले म्हणजे विषय संपला असेही समजू नये. खासगी मोटार भाड्याने दिली म्हणून संपूर्ण दावा फेटाळणाऱ्या कंपनीचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मान्य केले नाही व विमेदारास काही रक्कम देवविली. कागदपत्रे अपुरी एवढ्याच कारणाने दावा नाकारता येणार नाही, असे नियामकाने 2024 च्या आदेशात म्हटले आहे. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जावे. तेथे दाद न लागल्यास विमा लोकपाल आहेत. मराठवाड्यास पुण्याचे कार्यालय लागते, अर्ज टपालाने किंवा संगणकावरून करता येतो, फी नाही, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत गेले पाहिजे. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. 2019 च्या कायद्यामुळे तक्रारदार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करू शकतो. कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या गावी खेटे घालण्याचे कारण उरलेले नाही. ही सुधारणा आम्ही फार मोलाची मानतो.

येथवर मोटार बाळगणाऱ्यांचे झाले. 4 एप्रिल 2025 रोजी वसमत तालुक्यातील गुंज गावच्या मजूर स्त्रिया शेतकामासाठी ट्रॅक्टरमधून जात असता तो ट्रॅक्टर नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात विहिरीत कोसळला आणि सात जणी बुडून मेल्या. राज्य शासनाने प्रत्येकी 5 लाख व पंतप्रधान निधीतून 2 लाख रुपये जाहीर झाले. त्या एका प्रकरणाचा न्याय करणे आमचे काम नव्हे. पण ट्रॅक्टर-ट्रॉलीत माणसे वाहून नेली जातात हे जिल्ह्यातील प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे, आणि शेतीकामापुरत्या घेतलेल्या ट्रॅक्टरच्या विम्यात त्या माणसांचे संरक्षण सामान्यतः नसते हे फारच थोड्यांस ठाऊक आहे. 2007 च्या एका निकालात अशाच ट्रॉलीवरील मजुराविषयी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची जबाबदारी नसल्याचे मानले. केवळ आपल्या विशेषाधिकारात, कंपनीने आधी मजुरास द्यावे व मग मालकाकडून वसूल करावे, असा आदेश दिला. दर वेळी एवढे नशीब कोठून आणावयाचे? हळदीच्या हंगामात पहाटे ट्रॉली भरून मजूर नेणाऱ्या बागायतदाराने हा प्रश्न स्वतःस विचारावा. आमचा मध्यमवर्ग आपल्या बंपरच्या घसाऱ्याविषयी जितका हळवा आहे, त्याच्या दशांशाने तरी तो ट्रॉलीतील बायांविषयी असावा अशी आमची अपेक्षा आहे.

अपघातग्रस्तांच्या बाबतीत कायदा मुळीच दुबळा नाही. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी 48 तासांत पहिला अहवाल व 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यावयाचा असतो आणि 10 दिवसांच्या आत जखमींस किंवा मृताच्या वारसांस त्यांच्या हक्कांचे पत्रक हाती द्यावयाचे असते. धडक देऊन वाहन पळून गेले तरी मृताच्या वारसांस 2 लाख व गंभीर जखमीस 50 हजार मिळतात. 2025 च्या मेपासून अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार बिनपैशाने मिळण्याची योजना आहे. भरपाईचा अर्ज सहा महिन्यांत करावा असे कायदा म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या नोव्हेंबरात अंतरिम आदेश देऊन केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असे सांगितले, तथापि अंतरिम आदेशावर भिस्त ठेवून स्वस्थ बसणे शहाणपणाचे नव्हे. आणि गाडीचा मालकच स्वतः चालवीत असताना दगावला, तर त्याच्या करारात बहुधा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. त्याचा हप्ता त्याने भरलेला असतो. त्याच्या पत्नीस मात्र कोणी हे सांगत नाही, कारण करार इंग्रजीत असतो आणि एजंट तेराव्यापर्यंत फिरकत नाही.

महाराष्ट्रात विकला जाणारा विम्याचा करार मराठीत मिळाला पाहिजे, ही आमची मागणी आहे व ती मान्य होईपर्यंत आम्ही ती पुन्हा पुन्हा करणार आहोत. दरम्यान हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव व औंढा येथील पोलीस ठाण्यांत आणि उप प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या दाराशी, वर दिलेल्या मुदती व हक्क ठळक मराठी अक्षरांत लिहिलेला एकेक फलक जिल्हाधिकाऱ्यांनी लावून घ्यावा. त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. एक फळा, रंगाचा एक डबा आणि अक्षर चांगले असलेला एक कारकून पुरेसा आहे.