हाड कोण जोडते?

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात, बेंगळुरूत जयनगरहून बसवनगुडीकडे येत असता, पावसाच्या पाण्याने तुडुंब भरल्यामुळे रस्त्याशी अगदी समतल भासणाऱ्या एका खड्ड्याने माझ्या स्कूटरचे पुढले चाक गिळले आणि मी डाव्या तळहातावर आपटलो. मनगट पाहता पाहता चमच्याच्या दांड्यासारखे वाकले. ज्यांच्या जहागिरीत ही नगरी होती ते शहाजीराजे 1664 च्या जानेवारीत होदिगेरेच्या रानात शिकारीच्या भरात घोड्यावरून पडूनच निवर्तले, तेव्हा बेंगळुरूच्या रहिवाशाने वाहनावरून पडण्यात नवल ते काय, असे त्या वेदनेतही मनात येऊन गेले. राजांच्या घोड्याला निदान रान तरी होते. आमच्या नशिबी महानगरपालिकेचा राजरस्ता होता.

भोवती जमलेल्या चार माणसांत तत्काळ दोन पक्ष पडले. रिक्षावाल्याचे म्हणणे, सरळ संजय गांधी अस्थिरुग्णालयात चला. दुसरा पक्ष माझ्या घरमालकांचा. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, इंग्रजी वृत्तपत्र अग्रलेखासह वाचणारे. परंतु त्यांनी मला बाजूस घेऊन अत्यंत आपुलकीने सांगितले की प्लास्टरच्या फंदात न पडता ‘पुत्तूर कट्टू’ बांधून घ्यावा. ज्यांनी हे नाव ऐकलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो, की तिरुपतीहून चेन्नईकडे जाणाऱ्या वाटेवर आंध्रात पुत्तूर नावाचे गाव आहे. तेथील राजू घराण्यातील मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मोडलेली हाडे बसवीत आली असून, पाल्याचा लगदा, अंड्याचा पांढरा बलक, कापडाच्या पट्ट्या आणि बांबूच्या कामट्या यांनी बांधलेला त्यांचा बंध दक्षिणेत सर्वत्र प्रसिद्ध आहे. त्या गावाच्या नावाच्या पाट्या बेंगळुरूच्या गल्लोगल्ली दिसतात, आणि त्या पाट्यांमागे बसलेल्या प्रत्येकाचा पुत्तूरशी कितपत संबंध आहे, याची चौकशी करण्याचा अधिकार कोणत्याही कचेरीला असल्याचे दिसत नाही.

मी रिक्षावाल्याचे अर्धे ऐकले, म्हणजे रुग्णालयात गेलो, परंतु जवळच्या एका खाजगी रुग्णालयात. हाड बसविले गेले, प्लास्टर चढले, आणि घरी आल्यावर घरमालकांनी निःश्वास टाकून एवढेच म्हटले, की पुत्तूरवाल्यानेही ते जोडलेच असते. त्यांचे हे वाक्य मला फार दिवस छळीत राहिले. कारण ते खरे होते.

खरे अशासाठी, की हाड जोडण्याचे श्रेय पुत्तूरवाल्याचे नव्हे तसेच डॉक्टरांचेही नव्हे. हाड भंगताच त्यातील रक्तवाहिन्या तुटून मोडलेल्या टोकांभोवती रक्त साकळते. त्या गुठळीत पेशींचा शिरकाव होतो, दोन-तीन आठवड्यांत कूर्चेचा मऊ सांधवा धरतो, मग त्यात चुना बसून तो कठीण होतो, आणि त्यापुढे कित्येक महिने, प्रसंगी वर्षेही, शरीर त्या ओबडधोबड गाठीला कसबी गवंड्याप्रमाणे तासून मूळ आकाराकडे नेत राहते. कातडी फाटली तर व्रण उरतो. हाड मात्र हाडानेच भरून येते. या कामाला कोणाचा हुकूम लागत नाही, आणि म्हणूनच, ज्याने कामट्या बांधल्या त्याच्या पदरी सहा आठवड्यांनी यश आपोआप पडते. हाडवैद्याच्या लौकिकाचे रहस्य मला तरी एवढेच दिसते. अपवाद आहेतच: मनगटातले होडीच्या आकाराचे चिमुकले हाड किंवा मांडीच्या हाडाची मान येथे रक्ताचा पुरवठाच तोकडा असल्यामुळे निसर्गही पुष्कळदा हात टेकतो, आणि सांध्याच्या आतील झिजलेली वा चिरडलेली कूर्चा तर पूर्ववत कधीच होत नाही.

मग वैद्याने करावयाचे काय? तुटलेली टोके एका रेषेत आणणे, ती तशीच राहतील असा बंध घालणे, तो बंध रक्ताची वाट अडविणार नाही याची दक्षता घेणे, आणि सुटल्यावर सांध्याला पुन्हा चालते करणे. यांपैकी पहिल्या कामाला 1895 साली रॉन्टगेनच्या क्ष-किरणांनी डोळे दिले; दुसऱ्याला त्यापूर्वीच, 1851 मध्ये, माथायसन नावाच्या डच लष्करी वैद्याने प्लास्टरची पट्टी दिली. तिसरे काम चुकले तर मात्र अनर्थ होतो. लहान मूल झाडावरून पडून त्याचे कोपर मोडले आणि सुजणाऱ्या हातावर कोणी आवळून कामट्या बांधल्या, की सहा-आठ तासांत अग्रबाहूचे स्नायू रक्ताविना मरू लागतात आणि बोटे जन्मभराची आकसतात. फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने 1881 मध्ये या विकाराचे वर्णन केले, परंतु घट्ट बंधाचा धोका काही त्याने प्रथम ओळखलेला नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय भग्नाचाच आहे. सैल बंधाने सांधा स्थिर होत नाही आणि घट्ट बंधाने सूज, वेदना आणि पू होतो, असे तेथे स्वच्छ म्हटले आहे, आणि ऋतुमानाप्रमाणे तीन, पाच किंवा सात दिवसांनी बंध सोडून पाहावा, असेही बजावले आहे. आमच्या पाटीवाल्यांपैकी परंपरेचा अभिमान सांगणारे पुष्कळ. परंतु परंपरेतील हे कलम पाळणारे किती असतील, याविषयी मला दाट संशय आहे.

तरीही हाडवैद्यावर सारा राग काढणे मला अन्यायाचे वाटते, आणि ते माझ्या स्वतःच्या हातामुळे. सहा आठवड्यांनी प्लास्टर कापले गेले, एक्स-रे पाहून ‘उत्तम जुळले आहे’ असा निर्वाळा मिळाला, आणि पावती घेऊन मी बाहेर पडलो तेव्हा माझी बोटे मुठीत मिटत नव्हती व डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. प्लास्टर असतानाच बोटे रोज हलवावीत, खांदा दिवसातून चार वेळा वर न्यावा, एवढी चार शब्दांची सूचना त्या रुग्णालयात मला कोणीही केली नव्हती. केली असती तर पुढचे चार महिने फिजिओथेरपीच्या खाटेवर दात-ओठ खात घालवावे लागले नसते. सुश्रुताने तळहात मोडलेल्या रोग्याच्या मुठीत आधी मऊ गोळा द्यावा आणि बळ येईल तसा अखेरीस दगड धरवावा असे सांगितले आहे, तेथे आमच्या दवाखान्याने माझ्या हाती बिल धरविले. उलट पुत्तूरचा बंध ज्यांनी बांधून घेतला अशा दोघांशी मी बोललो, तेव्हा बांधणाऱ्याने त्यांच्या घरचे सारे ऐकून घेतले, तो हात धरून बसला आणि त्याने आठ दिवसांनी पुन्हा बोलावले, हेच दोघांनी आवर्जून सांगितले. लोक तिकडे जातात ते केवळ अडाणीपणामुळे, असे म्हणणे सोयीचे आहे, इतकेच.

लिव्हरपूलच्या इव्हान थॉमसची हकिकत येथे आठवते. वेल्समधील अँगलसी बेटावरच्या हाडवैद्यांच्या वंशातला हा गृहस्थ पदवीविना हाडे बसवी आणि त्यापायी डॉक्टर मंडळींच्या खटल्यांना तोंड देई. शेवटी कंटाळून त्याने आपल्या पाचही मुलांना रीतसर वैद्यक शिकविले. त्यांतील ह्यू ओवेन थॉमस याने घराण्याची हातोटी आणि शरीरशास्त्र यांची सांगड घालून मांडीच्या हाडासाठी जी लोखंडी कड्याची चौकट तयार केली, ती त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने पहिल्या महायुद्धात रणांगणावर नेली आणि असंख्य सैनिकांचे प्राण वाचले. ब्रिटिश अस्थिशल्यशास्त्राचा जनक म्हणून आज ज्याचा गौरव होतो, तो ह्यू अशा रीतीने एका हाडवैद्याचा मुलगा होता.

आमच्याकडे मात्र सरकारदरबारी हाडवैद्य जवळजवळ अस्तित्वातच नाही, आणि जो दप्तरात नाही त्याला जाब तरी कोणी विचारावा? माझे मत असे, की या पाटीवाल्यांची एकदा रीतसर नोंद करावी, त्यांना थोडके शिक्षण द्यावे आणि त्यांच्या हद्दी लेखी ठरवून द्याव्यात: जखमेतून हाड दिसते आहे, मुलाचे कोपर आहे, म्हाताऱ्याचा खुबा आहे, तर हात न लावता रुग्णालयात धाडावे, न धाडल्यास पाटी उतरावी. आणि रुग्णालयांनाही हीच शिस्त हवी. घरी जाणाऱ्या रोग्याच्या कागदावर, त्याला वाचता येईल अशा भाषेत, मग ती कन्नड असो, तमिळ असो की मराठी, कोणती बोटे केव्हापासून हलवावीत हे लिहिल्याखेरीज बिल वसूल करू नये.

ही तजवीज होईल तेव्हा होईल. तोवर वाचकांस एवढीच विनंती आहे, की आपल्या घरात कोणाचा हात वा पाय बांधलेला असेल आणि त्याची बोटे थंड, निळसर किंवा बधिर पडत असतील, अथवा वेदना कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर तो बंध पुत्तूरचा आहे की पदवीधराचा, याचा विचार करीत बसू नका; रात्र असली तरी त्याच घटकेस रुग्णालयात जाऊन तो सोडवून घ्या.