बेथलेहेमची वाट

आगमनकाळाचा तिसरा रविवार उलटला की आमच्या धर्मग्रामांतील मुले गोठा उभारण्याच्या खटपटीस लागतात. कोणी वाटीत नाचणी पेरून हिरवे रोप वाढवितो, कोणी ओढ्याकाठचे शेवाळ आणतो, कोणी जाड कागद चुरगाळून त्याचे डोंगर करतो. गव्हाण, मेंढपाळ, तारा, तिन्ही राजे, सारे काही यथास्थित मांडले जाते. एक गोष्ट मात्र सहसा कोणी दाखवीत नाही, आणि ती म्हणजे पवित्र मरिया व संत योसेफ ज्या वाटेने तेथवर आले ती वाट. आज आम्ही आमच्या वाचकांस त्या वाटेने घेऊन जाणार आहोत.

संत लूकने हा सारा प्रवास एका वाक्यात आटोपला आहे. योसेफ गालिलातील नाझरेथहून यहूदियातील बेथलेहेमास वर चढून गेला, मरिया त्याच्यासमवेत होती आणि तिला दिवस गेले होते, एवढेच तो सांगतो. दिवस किती लागले, ऋतू कोणता होता, ती पायी गेली की वाहनावर, यांविषयी चकार शब्द नाही. आपल्या चित्रांतील गाढव शुभवर्तमानात नाही. ते आले दुसऱ्या शतकातील एका ग्रंथातून, जो ख्रिस्तसभेने पवित्र शास्त्रात घेतलेला नाही. पंचवीस डिसेंबर या दिवसाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख इसवी सन 354 च्या एका रोमी पंचांगात सापडतो. ती शिरगणती नेमकी कोणत्या साली झाली, यावर विद्वानांचा मोठा वाद आहे. त्यात आम्ही शिरत नाही. आमच्या पूर्वजांनी हा सण हिवाळ्यात पाळला, आम्हीही पाळतो, तेव्हा वाटही हिवाळ्यातलीच धरून चालू.

त्या देशाचा हिवाळा आपल्यासारखा कोरडा नसतो, हे प्रथम ध्यानी घ्यावे. तेथे पाऊस पडतो तो हिवाळ्यातच; डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी हे त्याचे भराचे महिने. आपल्याकडे पौषात शेतकरी निर्धास्तपणे खळ्यावर निजतो, तर तेथे त्याच सुमारास डोंगरमाथ्यावर थंड पाऊस, वारा व धुके असते. क्वचित बर्फही पडते. 2013 सालच्या डिसेंबरात जेरुसलेम व बेथलेहेम या दोन्ही नगरांवर इतके बर्फ पडले की रस्ते बंद झाले.

नाझरेथ समुद्रसपाटीपासून सुमारे 350 मीटर उंचीवर, डोंगरांच्या कुशीत वसले आहे. तेथून उतरले की इज्रेलचे मैदान लागते. ही जमीन भारी, गडद रंगाची, चिकण. पावसात काळ्या रानातून ज्याने बैलगाडी हाकली आहे, त्याला तेथे पाऊल कसे उचलावे लागते हे आम्ही सांगावयास नको. मैदान ओलांडले की दोन वाटा फुटतात. एक सरळ दक्षिणेस, शोमरोनच्या डोंगरकण्यावरून, एबाल व गरिज्जीम या पर्वतांमधील खिंडीजवळून जाते. ही जवळची. घाई असेल तर गालिलाहून जेरुसलेम या वाटेने तीन दिवसांत गाठता येते, असे योसेफस या यहुदी इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. परंतु शोमरोनी व यहुदी यांचे वैर जुने होते. याच वाटेवर, शोमरोनच्या सीमेवरील एका गावापाशी, पुढे गालीलकर यात्रेकरूंची हत्या झाल्याचेही योसेफसच सांगतो.

दुसरी वाट जॉर्डन नदीच्या खोऱ्याने यरीहोपर्यंत जाते. ती लांब, सुमारे दीडशे किलोमीटरांची; पण खोरे सखल असल्याने हिवाळ्यात तेथे ऊब असते. हेरोद राजाने आपले हिवाळी वाडे यरीहोस बांधले होते ते याचसाठी. या दोघांनी कोणती वाट धरली हे लूक सांगत नाही. आमच्या मते गरोदर पत्नीला घेऊन निघालेला शहाणा पुरुष खोऱ्याचीच वाट धरील. मात्र त्या वाटेची कसोटी शेवटी असते. यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली सुमारे अडीचशे मीटर आणि जेरुसलेम वर सुमारे साडेसातशे मीटर. म्हणजे उण्यापुऱ्या पंचवीस किलोमीटरांत हजार मीटरांची चढण, तीही उघड्या, खडकाळ, निर्जन डोंगरांतून. प्रभू येशूने पुढे चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगितला, त्यातील वाटसरूला लुटारूंनी गाठले ते याच रस्त्यावर. सावंतवाडी-बेळगावकडून सायबाच्या फेस्ताला जुन्या गोव्यास पायी जाणारे आमचे यात्रेकरू घाट उतरताना गुडघ्यांची तक्रार करतात. येथे घाट चढावयाचा होता, आणि चढणारीचे दिवस भरत आले होते.

तीन दिवसांचा हिशेब धडधाकट पुरुषाचा. जिला दर घटकेस बसावे लागते, रात्री ज्या कुशीवर निजावे ती दुखते, तिच्यासमवेत दिवसाला वीस किलोमीटर चालणे हेही पुष्कळ झाले. आठवडा सहज गेला असेल. संत योसेफाच्या मुखीचा एकही शब्द शुभवर्तमानात नोंदलेला नाही, म्हणून त्याच्यावर प्रवचने थोडी होतात. पण आठवडाभर त्याने आपले पाऊल तिच्या पावलाइतके आखूड ठेवले असणार, हे समजावयास शब्द कशाला हवेत? बाजारच्या दिवशी पत्नीच्या वीस पावले पुढे चालणारे आमचे पुरुष वाचक या ठिकाणी क्षणभर थांबतील, अशी आशा आहे.

जेरुसलेमहून बेथलेहेम अवघे नऊ किलोमीटर. परंतु या शेवटच्या टप्प्यावरच त्या वाटेचे सर्वांत मोठे भय उभे होते. बेथलेहेमच्या वेशीजवळ राहेलची कबर आहे. याकोब आपल्या कुटुंबासह बेथेलहून निघून एफ्राथकडे, म्हणजेच बेथलेहेमकडे, चालला असता वाटेतच राहेलला वेणा सुरू झाल्या. बाळंतपण कठीण गेले. मुलगा जगला, तो बन्यामीन, आई गेली. याकोबाने तिला रस्त्याच्या कडेलाच पुरले व वर एक स्तंभ उभा केला. ही कथा मरियेने बालपणापासून ऐकलेली असणार. नवरा-बायको, हीच डोंगराची वाट, बायकोचे भरलेले दिवस, आणि रस्त्याच्या कडेला ती कबर! तेथून जाताना त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले असेल का? आमच्या घरांतील ज्या मातांनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाताना अशीच कोणाची आठवण मनात दाबली असेल, त्यांना उत्तर आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

याच नऊ किलोमीटरांत, जेरुसलेम व बेथलेहेम यांच्या साधारण मध्यावर, 1992 साली रस्ता रुंद करताना एका प्राचीन मंदिराचे अवशेष उघडे पडले. पाचव्या शतकातील हे आठकोनी मंदिर एका साध्या खडकाभोवती बांधलेले होते. मरिया थकून या खडकावर टेकली, अशी तेथील ख्रिस्ती जनांची परंपरा. राजवाड्यांच्या व रणभूमींच्या खुणा सर्वत्र सापडतात. एक गरोदर स्त्री दम खाण्यास बसली म्हणून त्या दगडाभोवती उभारलेले मंदिर आमच्या ऐकिवात दुसरे नाही.

बेथलेहेमास काय घडले ते सर्वांस ठाऊक आहे. तरी एक सांगितले पाहिजे. नाताळच्या नाटकांत दार लावून घेणारा जो कठोर धर्मशाळावाला असतो, तो लूकच्या ग्रंथात नाही. जेथे जागा नव्हती त्या स्थळाला लूकने जो ग्रीक शब्द योजला आहे, तोच तो पुढे शेवटच्या भोजनाच्या पाहुणखोलीसाठी वापरतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील धर्मशाळेसाठी त्याचा शब्द वेगळा आहे. म्हणून ते स्थळ एखाद्या भरलेल्या घरातील पाहुण्यांची खोली असावी, असे अनेक पंडित मानतात. कोणी हाकलले नाही. गर्दीत कोणी सरकून जागाच केली नाही.

आता आमच्याकडे पाहू. दिवाळीच्या सुमारास बीड-अहिल्यानगरकडील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून हजारो जोडपी घरांना कुलूप लावून निघतात व आमच्या बेळगाव भागातील साखर कारखान्यांच्या फडांवरही येतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. उचल आधीच घेतलेली असते, तेव्हा बायकोला कितवा महिना हे विचारून निघण्याचा दिवस ठरत नाही. ट्रकमध्ये वा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळी, पोरे व वर ती; मग फडाजवळ पाचटाची नाही तर ताडपत्रीची कोपी, पहाटेचे दव, डोक्यावर मोळ्या. कित्येकींचे बाळंतपण त्या कोपीतच होते.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या शेताला लागून या डिसेंबरात अशा कोप्या असतील. गोठ्याचे शेवाळ आणावयास मुले जातात, तेव्हा धर्मग्रामातील चार भगिनींनी तेथवर जाऊन कोणाचे दिवस भरत आले आहेत याची चौकशी करावी, ते गावच्या आशाताईंच्या कानी घालावे, आणि त्या जोडप्याला 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका येते हे समजावून रात्री-अपरात्री आपले दार वाजविण्यास सांगून यावे. जुने लुगडे व घोंगडी प्रत्येक घरात असते.

राहता राहिली परतीची वाट. लूक म्हणतो, मूल जन्मल्यावर नेमाप्रमाणे ती दोघे मंदिरात गेली व गरिबांसाठी ठरलेले अर्पण त्यांनी केले. कोकराची ऐपत नसलेल्यांनी पक्ष्यांची जोडी द्यावी असा नियम होता. मत्तय सांगतो, हेरोदाच्या भयाने त्यांना एका रात्रीत मिसर देशाची वाट धरावी लागली. हेरोद इसवी सनापूर्वी 4 साली मरण पावला, असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्यानंतरही यहूदियात त्याचा पुत्र अर्खेलाव गादीवर असल्याचे कळल्यावरून योसेफ तेथे थांबला नाही. मुलाला व आईला घेऊन तो गालिलात गेला, आणि नाव नोंदविण्यापुरती म्हणून निघालेली ती दोघे अखेर तिघे होऊन नाझरेथास परतली.