छोट्या लॅपटॉपचा मोठा हिशेब

मोबाइलमध्ये साठलेल्या घरगुती चित्रीकरणाचे संकलन करण्यासाठी लहानसा लॅपटॉप घ्यावा, ही इच्छा साधी आहे. मात्र निवड करताना ज्या बाबी निर्णायक ठरतात, त्या बहुधा जाहिरातीत नसतात आणि खरेदीनंतर बदलताही येत नाहीत. मेमरी महागल्यापासून तर ही चूक अधिकच खर्चिक झाली आहे.

२०२५च्या अखेरीस संगणकाच्या बाजारात दोन घटना पाठोपाठ घडल्या. १४ ऑक्टोबर रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर ‘विंडोज ११’च्या अधिकृत यादीत नसल्याने अनेक घरांतील चालू स्थितीतले लॅपटॉप त्या दिवशी कालबाह्य ठरले. याच सुमारास मेमरी चिपच्या किमती जगभर चढू लागल्या आणि ३ डिसेंबर रोजी मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशियल’ हा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. जुने यंत्र बदलण्याची वेळ आणि नवे यंत्र महागण्याची वेळ अशी एकत्र आली.

पत्रव्यवहार, बँकेची कामे किंवा मुलांचा अभ्यास एवढ्यासाठी लॅपटॉप हवा असेल, तर या घडामोडींचा फटका मर्यादित आहे. खरी कसोटी लागते ती घरच्या चित्रीकरणाची. बारसे, मुंज, लग्न, आजोबांची साठी, आजीचे सहस्रचंद्रदर्शन हे सारे हल्ली मोबाइलवरच टिपले जाते. एका समारंभात चार नातेवाइकांच्या मोबाइलवर मिळून काही तासांचे चित्रीकरण सहज होते. ते पुढे कोणी पाहत नाही, कारण त्यातले वीस मिनिटांचे पाहण्याजोगे तेवढे वेगळे काढण्याचे काम कोणी केलेले नसते. हे काम म्हणजे संकलन. ते दिवाणखान्यात बसून करता यावे आणि यंत्र प्रवासातही नेता यावे, म्हणून तेरा-चौदा इंची लॅपटॉपकडे ग्राहक वळतो. ही अपेक्षा रास्तच आहे. अडचण आहे ती यंत्र पारखण्याच्या सवयीत.

दुकानात लॅपटॉपची किंमत ठरते ती प्रोसेसरच्या नावावरून आणि पिढीवरून. घरगुती संकलनात मात्र पहिला प्रश्न वेगळा असतो : मोबाइलने ज्या पद्धतीने चित्रीकरण साठवले, ते उलगडण्याची स्वतंत्र सोय या यंत्रात आहे काय? हा प्रश्न का उद्भवतो, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घरोघरी जे मिनीडीव्ही कॅमेरे होते, ते प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे साठवत. सेकंदाला २५ मेगाबिट या दराने तासाभराच्या चित्रीकरणाला साधारण १३ जीबी जागा लागे. त्या काळी ती चैन वाटे. पण संगणकाला कोणतीही चौकट थेट उघडता येत असल्याने तेव्हाच्या सामान्य यंत्रावरही कापणे-जोडणे जमत असे. २००३मध्ये एच.२६४ आणि २०१३मध्ये एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, ही मानके आली. त्यांत एक पूर्ण चौकट साठवून पुढच्या चौकटींतील केवळ फरक नोंदवला जातो. त्यामुळे जागा वाचते, पण मधलीच एखादी चौकट दाखवायची तर संगणकाला तिच्या मागच्या, क्वचित पुढच्याही चौकटी उलगडाव्या लागतात. नुसता चित्रपट पाहताना हे जाणवत नाही. संकलन करणारा मात्र सतत मागे-पुढे जात असतो आणि तेथेच यंत्र अडखळते. २००७मध्ये आलेला असूसचा सात इंची ‘ई-पीसी’ आणि त्यामागोमाग आलेले स्वस्त ‘नेटबुक’ आकाराने मोहक होते. उच्च दर्जाच्या चित्रीकरणापुढे त्यांनी हात टेकले, त्याचे एक मोठे कारण हेच होते.

पुढे हे उलगडण्याचे काम प्रोसेसरच्या मुख्य भागाकडून काढून त्यासाठी राखलेल्या वेगळ्या मंडलाकडे देण्यात आले. इंटेलने २०११मध्ये ‘क्विक सिंक’ या नावाने ही सोय आणली. दहा बिटांचे एचईव्हीसी उलगडणारे मंडल इंटेलच्या सातव्या पिढीपासून मिळू लागले. ॲपलच्या स्वतःच्या एम-मालिकेतील चिपमध्ये ते २०२० सालच्या पहिल्या चिपपासूनच आहे. आयफोनने २०१७पासून एचईव्हीसीचा अवलंब केला आणि २०२०च्या आयफोन १२पासून दहा बिटांचे एचडीआर चित्रीकरणही सुरू झाले. म्हणजे मोबाइल बदलला की लॅपटॉपवरचा भार आपोआप वाढतो, हे ग्राहकाच्या गावीही नसते.

यंत्रात मंडल असले तरी ते वापरायला मिळेलच, असेही नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या बातम्यांनुसार एचपी आणि डेल यांनी कार्यालयीन वापरासाठीच्या आपल्या काही मॉडेलमध्ये एचईव्हीसीची ही अंगभूत सोय बंद ठेवली होती. प्रोसेसर सक्षम, पण दार बंद. या मानकाच्या वापरासाठी पेटंटधारकांना शुल्क द्यावे लागते, ही त्यामागची पार्श्वभूमी. विंडोजवरही एचईव्हीसीसाठी स्वतंत्र विस्तार घ्यावा लागतो. काही उत्पादक तो यंत्रासोबत देतात, अन्यथा मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून किरकोळ शुल्क भरून घ्यावा लागतो. यावर उपाय सोपा आहे. दुकानात जाताना आपल्याच मोबाइलवरील दोन-तीन मिनिटांची मूळ चित्रफीत पेन ड्राइव्हवर न्यावी. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत या परीक्षेला चालणार नाही, कारण ती आधीच दाबून लहान केलेली असते. मूळ चित्रफीत लॅपटॉपवर उघडून मधूनच पुढे-मागे सरकवून पाहावी. जाहिरातीतील पानभर आकड्यांपेक्षा ही परीक्षा अधिक सांगून जाते.

दुसरी बाब मेमरीची, म्हणजे रॅमची. पूर्वी ८ जीबीचा लॅपटॉप घेऊन दोन वर्षांनी आणखी ८ जीबीची पट्टी बसवण्याचा मध्यमवर्गीय शिरस्ता होता. आजच्या बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य फलकावर डाखलेली असते आणि ॲपलच्या यंत्रांत ती चिपच्याच वेष्टनात असते. म्हणून जे पहिल्या दिवशी घेतले, तेच शेवटपर्यंत. ४के संकलनासाठी १६ जीबी ही आता किमान गरज मानायला हवी. ऑक्टोबर २०२४मध्ये ॲपलनेही ‘मॅकबुक एअर’ची प्राथमिक रॅम ८वरून १६ जीबीवर नेली, ते या गरजेचे द्योतकच म्हणावे लागेल.

नेमकी हीच वस्तू महागली. जगातील डीरॅम मेमरीचे उत्पादन मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती एकवटले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहिती केंद्रांना लागणारी अतिवेगवान मेमरी अधिक नफा देते. साहजिकच कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि लॅपटॉप-मोबाइलच्या वाट्याला कमी आली. अशा वेळी उत्पादकाला दोनच मार्ग उरतात : किंमत वाढवणे किंवा त्याच किमतीत रॅम कमी देणे. दुसरा मार्ग ग्राहकाच्या चटकन लक्षात येत नाही, म्हणून तो अधिक धोक्याचा. नव्या पिढीचा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम यांपेक्षा एक पिढी मागचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम हा सौदा घरगुती संकलनासाठी केव्हाही सरस ठरेल.

‘मेक इन इंडिया’मुळे या झळीपासून संरक्षण मिळेल काय, हा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. केंद्र सरकारने मे २०२३मध्ये संगणक उत्पादनासाठी १७ हजार कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. ३ ऑगस्ट २०२३ रोजी लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले. त्यावर गदारोळ होताच अंमलबजावणी पुढे ढकलली आणि अखेरीस आयातीसाठी ऑनलाइन अनुमतीची व्यवस्था आणली. या धोरणाचे समर्थन करता येईल, पण त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. येथे प्रामुख्याने जुळणी होते. प्रोसेसर आणि मेमरी बाहेरूनच येतात. माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारामुळे लॅपटॉपवर मूळ सीमाशुल्क नसले, तरी १८ टक्के जीएसटी आहे आणि सप्टेंबर २०२५च्या करकपातीतही तो तसाच राहिला. म्हणून कोरियातील कारखान्याने घेतलेल्या निर्णयाचा परिणाम लॅमिंग्टन रोडवरील दुकानात पोहोचायला वेळ लागत नाही.

तिसरी बाब उष्णतेची. लॅपटॉप जितका पातळ, तितकी आतली उष्णता बाहेर काढणे कठीण. तयार चित्रफीत अंतिम स्वरूपात बाहेर काढण्याचे काम कित्येक मिनिटे सलग चालते. यंत्र तापले की ते स्वतःचा वेग कमी करून घेते. ‘मॅकबुक एअर’मध्ये पंखाच नाही. तिची चिप कमी वीज खाणारी असल्याने वीस मिनिटांच्या घरगुती चित्रपटाला ती पुरते, मात्र रोज तासन् तास संकलन करणाऱ्याने पंखा असलेलेच यंत्र पाहावे. मार्च २०२५मध्ये एम-४ चिपसह आलेल्या तेरा इंची एअरची भारतातील प्रारंभीची किंमत ९९,९०० रुपये होती. हा आकडा सर्वांच्या आवाक्यातला नाही, हे उघड आहे. विंडोज गटात तुलनेने कमी पैशांत काम भागते, पण तेथे वर सांगितलेल्या परीक्षा ग्राहकाला स्वतःच घ्याव्या लागतात.

साठवणीचा हिशेब तर प्रत्येकाने कागदावर मांडून पाहावा. आयफोनवर सेकंदाला ३० चौकटींचे ४के चित्रीकरण कार्यक्षम पद्धतीने केले, तरी मिनिटाला सुमारे १७० एमबी जागा लागते, म्हणजे तासाला १० जीबीच्या आसपास. पाच तासांचे लग्न ५० जीबी खाते. लॅपटॉपमधील ५१२ जीबीत प्रणाली, अन्य कागदपत्रे आणि संकलनाच्या तात्पुरत्या फायली धरल्या, तर अशी चार-पाच कार्ये झाली की जागेची ओढाताण सुरू होते. यंत्रातील साठवण वाढवून घेण्यासाठी उत्पादक अवाच्या सवा रक्कम आकारतात. त्यापेक्षा बाहेरून जोडायची एसएसडी कामासाठी आणि साधी हार्ड डिस्क मूळ प्रतींसाठी ठेवणे शहाणपणाचे. मूळ चित्रीकरण किमान दोन ठिकाणी असावे. एकाच मोबाइलवर वा एकाच लॅपटॉपवर असलेली आठवण ही सुरक्षित आठवण नव्हे.

नवा लॅपटॉप घेतलाच पाहिजे, असेही नाही. बहुतेक चांगल्या संकलन प्रणालींत मूळ चित्रीकरणाच्या हलक्या दुय्यम प्रती, म्हणजे प्रॉक्सी, तयार करून त्यांवर काम करता येते. शेवटी प्रणाली मूळ प्रत वापरून चित्रफीत पूर्ण करते. प्रॉक्सी तयार होण्यास वेळ लागतो, पण रात्री लावून ठेवल्यास सकाळी काम सुरू करता येते. ‘दाविंची रिझॉल्व्ह’ची विनामूल्य आवृत्ती, मुक्त परवान्याची ‘केडेनलाइव्ह’ आणि ‘शॉटकट’ या तिन्हींत ही सोय आहे. यांतील ‘केडेनलाइव्ह’ व ‘शॉटकट’ लिनक्सवर विशेष सहज चालतात, त्यामुळे ‘विंडोज ११’ने नाकारलेला सात-आठ वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही या कामी लागू शकतो. त्यात रॅमची मोकळी खाच असेल, तर महागाईतही एक पट्टी ही नव्या यंत्राहून स्वस्तच.

थांबता येत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. ज्या घरांत नव्वदच्या दशकातील व्हीएचएस किंवा त्यानंतरच्या मिनीडीव्ही फिती कपाटात पडून आहेत, त्यांचा काळ झपाट्याने संपतो आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी समजल्या गेलेल्या जपानच्या फुनाईने जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवले. मिनीडीव्ही कॅमेरा संगणकाला जोडणारी फायरवायर ही जोडणी नव्या लॅपटॉपवरून केव्हाच नाहीशी झाली आणि ॲपलने २०२५मधील मॅकओएसच्या आवृत्तीतून तिचा उरलासुरला आधारही काढून घेतला. चुंबकीय फितीला आपल्याकडील दमट हवेत बुरशी लागते, ती वेगळीच. ज्यांचे आवाज आता केवळ त्या फितींतच उरले आहेत, अशी माणसे प्रत्येक कुटुंबात असतात. नव्या यंत्राच्या तरतुदीतील काही रक्कम या फितींच्या रूपांतराकडे वळवावी. लॅपटॉप पुढच्या वर्षीही मिळेल. फितीबाबत ती खात्री देता येत नाही.

यात सरकारचेही एक काम आहे. फ्रीज किंवा वातानुकूलन यंत्र घेताना ताऱ्यांच्या चिठ्ठीवरून विजेच्या खर्चाचा अंदाज येतो. रॅम वाढवता येते की नाही, साठवण बदलता येते की नाही आणि कोणत्या चित्रीकरण पद्धती यंत्र स्वबळावर उलगडते, हे सांगणारी तीन ओळींची चिठ्ठी लॅपटॉपवर सक्तीची का नसावी? ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी एक संकेतस्थळही सुरू केले. फ्रान्समध्ये २०२१पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचा गुणांक छापणे बंधनकारक झाले. तेथे जे होऊ शकते, ते येथे अशक्य असण्याचे कारण नाही.

तोपर्यंत ग्राहकाने स्वतःच क्रम लावून घ्यावा. आधी मोबाइलच्या मूळ चित्रफितीची परीक्षा, मग १६ जीबी रॅम, मग बाहेरच्या दोन डिस्कची तरतूद आणि त्यानंतर उरलेल्या पैशांत बसेल तो प्रोसेसर. दुकानदार हा क्रम नेमका उलटा सांगेल. त्याचे ऐकून घ्यावे, पण खरेदी आपल्याच क्रमाने करावी.