दोन चाव्यांचा वारसा

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या घरी पाटावर तीन वस्तू मांडल्या जात. आईची विळी, वडिलांची अवजारांची पिशवी आणि आजोबांचे रिव्हॉल्व्हर. तिन्हींना हळदकुंकू, झेंडूचे फूल आणि गूळखोबऱ्याचा नैवेद्य. पूजा झाली की विळी स्वयंपाकघरात जाई, पिशवी वडिलांबरोबर मिलमध्ये जाई आणि रिव्हॉल्व्हर पुन्हा वर्षभरासाठी कपाटात. लहानपणी मला वाटे, सगळ्यांत मोठा मान त्या तिसऱ्या वस्तूचा, कारण तिला काही काम करावे लागत नाही.

ते रिव्हॉल्व्हर बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याचे, .३२ बोअरचे. आजोबा दक्षिण महाराष्ट्रातल्या एका छोट्या संस्थानात कारभारी होते. १९३६ साली त्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत ते खास बनवून मागवले. खास अशासाठी, की त्यांच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. तरुणपणी उसाच्या चरकात गेलेली. कागदावर हात ठेवून पेन्सिलीने त्याची कड काढली आणि तो कागद बोटीने विलायतेला गेला. येताना अक्रोडाच्या लाकडाची आखूड मूठ आली, नळीवर आजोबांच्या नावाची आद्याक्षरे आणि आत निळी मखमल असलेली लाकडी पेटी. ती मूठ आजोबांच्या हातात चपखल बसे. वडिलांच्या हाताला ती बसली नाही, माझ्याही नाही.

आज मी अडुसष्ट वर्षांचा आहे. परवाना १९९२ पासून माझ्या नावावर आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा हत्यार पंचवीस वर्षे त्याच्याकडे राहिले, की तो हयातीतच एखाद्या वारसाचे नाव सुचवू शकतो आणि त्या वारसाला परवाना देता येतो. माझा मुलगा गेली दोन वर्षे त्या कागदांवर सही मागतो आहे. त्याचे म्हणणे चुकीचे नाही. "बाबा, पणजोबांची एवढी एकच वस्तू उरलीय. शिवाय बाहेरून हत्यारं येणं केव्हाच बंद झालंय, आज ह्याची किंमत लाखांत आहे." परदेशी रिव्हॉल्व्हरची खासगी आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे, हे खरेच. त्यामुळे जुन्या वेब्लीला सोन्यासारखा भाव आला.

सही करायला मी बसतो आणि पेन खाली ठेवतो. हा लेख म्हणजे त्या थांबलेल्या पेनाचा हिशेब आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांतली वर्तमानपत्रे आठवा. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसरमध्ये अभिषेक घोसाळकर या माजी नगरसेवकाचा समाजमाध्यमावरच्या थेट प्रक्षेपणात खून झाला आणि मारेकऱ्याने नंतर स्वतःला संपवले. वापरलेले पिस्तूल परवान्याचे होते, पण परवाना त्याच्या नव्हे, त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होता. त्याच वर्षी १ ऑक्टोबरच्या पहाटे अभिनेते गोविंदा यांना स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून पायाला गोळी लागली. गावाला निघण्याच्या घाईत हत्यार कपाटात ठेवताना ते हातून निसटले होते. डिसेंबरात बीड जिल्ह्यात सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. तिथे बंदूक वापरलेली नव्हती, तरी त्यानंतर त्या जिल्ह्यात कुणाकुणाच्या कमरेला परवान्याचे पिस्तूल आहे याची चर्चा पेटली आणि अनेक परवाने रद्द झाले.

या तिन्ही गोष्टी एका माळेतल्या नाहीत. एकीत खून आहे, दुसरीत अपघात, तिसरीत केवळ रुबाब. पण प्रश्न एकच उभा राहतो: परवाना कशाला मिळतो, वस्तूला की माणसाला? कायदा म्हणतो, माणसाला. आपण मात्र तो वस्तूला चिकटलेला मानतो. बांगड्या सुनेला, घर मुलाला, तसे रिव्हॉल्व्हर थोरल्या नातवाला.

या मानापानाला इतिहास आहे. लॉर्ड लिटनच्या राजवटीत, १८७८ साली, दोन कायदे आले. एकाने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचे तोंड बांधले, दुसऱ्याने हिंदी माणसाचे हात. पहिला कायदा १८८२ मध्ये गेला. शस्त्रांचा कायदा मात्र इंग्रज जाऊनही बारा वर्षे टिकला आणि १९५९ साली त्याची जागा आजच्या कायद्याने घेतली. गोऱ्याला मोकळीक आणि हिंदी माणसाला परवाना, या अपमानाबद्दल काँग्रेसच्या अधिवेशनांत ठराव होत. गांधीजींसारख्या अहिंसेच्या पुजाऱ्यानेही त्या कायद्याला काळा म्हटले होते. अशा काळात ज्याला परवाना मिळे, तो साहेबाच्या पंक्तीला बसला असे लोक समजत. आजोबांच्या रिव्हॉल्व्हरची पूजा होई ती गोळीसाठी नव्हे, त्या पंक्तीसाठी.

त्या पंक्तीचा उपयोग किती, हे १९४८ च्या फेब्रुवारीत कळले. गांधीजींच्या खुनानंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जळत होती. आमच्या वाड्यासमोर दोनेकशे माणसे जमली. आजोबांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर होते, सहाही घरे भरलेली. त्यांनी ते बाहेर काढले नाही. बायकामुलांना परसदाराने काढले, उसातून चालत पलीकडचे गाव गाठले. वाडा रात्रभर जळत राहिला. पुढे कुणी विचारले की ते म्हणत, "सहा गोळ्या आणि दोनशे माणसं. त्यातली निम्मी नावानं ओळखीची. एक बार काढला असता, तर आज विचारायला तुम्ही नसता." आजोबांच्या साऱ्या आयुष्यात त्या हत्याराचा हाच एक मोठा उपयोग झाला, की ते त्यांनी वापरले नाही.

माझी कसोटी त्यामानाने किरकोळ. १९९५ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. मोठ्या थकबाकीदाराच्या ट्रकवर जप्ती आणली आणि रात्री घरी धमकी आली. मित्र म्हणाले, परवाना काय लोणचं घालायला ठेवलाय? मी तीन आठवडे रिव्हॉल्व्हर कमरेला लावून शाखेत गेलो, वर सफारीचा शर्ट.

ते तीन आठवडे मला आजही आठवतात. पहिल्या दिवशी भीती कमी झाली. दुसऱ्या दिवशी पाठ ताठ झाली. आठवड्याने आवाज बदलला. पूर्वी मी कर्जदाराला "बसा" म्हणायचो. आता तो उभा राहिला तरी मला चाले. तिसऱ्या आठवड्यात एक शेतकरी काउंटरवर येऊन व्याजाच्या हिशेबावरून भांडू लागला. हातात त्याच्या पासबुकाखेरीज काही नव्हते. आणि माझा उजवा हात, मी न सांगता, शर्टाच्या खाली गेला.

हे कुणी पाहिले नाही, असे मला वाटले होते. आमच्या दारावर बारा बोअरची दुनळी घेऊन बसणारा रखवालदार होता, फौजेतून निवृत्त झालेला. संध्याकाळी शटर ओढताना तो म्हणाला, "साहेब, बंदूक दिसत असावी, नाहीतर नसावी. लपवलेली बंदूक आधी मालकालाच कानात सांगत बसते." दुसऱ्या दिवसापासून मी ती नेली नाही. त्या शेतकऱ्याचा हिशेब तपासला. चूक आमची होती.

हत्यार बाळगण्याबद्दलच्या चर्चेत ही गोष्ट कुणी सांगत नाही. आपण विचारतो, हत्यार शत्रूचे काय करील? ते बाळगणाऱ्याचे काय करते, हे आधी विचारायला हवे.

आता आईची गोष्ट. १९९१ साली वडील गेले. परवाना माझ्या नावावर करायचा म्हणून हवालदार घरी तपासणीला आले. रिव्हॉल्व्हर जागेवर होते. नोंदीप्रमाणे काडतुसे बारा हवीत. कपाटात एकही नव्हते. मी बँकेचा माणूस. बारा पैशांची तफावत आली तरी रात्री झोप न येणारा. घाम फुटला. तेवढ्यात आई आतून साबुदाण्याचा पितळी डबा घेऊन आली, परातीत उपडा केला आणि साबुदाण्यातून बाराही काडतुसे वेचून हवालदारांच्या हातावर ठेवली.

नंतर तिने सांगितले. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील स्पिनिंग खात्यात होते. त्यांची गिरणी पुन्हा नीट चालू झालीच नाही. "रात्र रात्र कपाटापाशी बसायचे. बोलायचे नाहीत. मी काय करणार? गोळ्या उचलल्या आणि साबुदाण्यात ठेवल्या. उपासाचा डबा पुरुषमाणूस उघडत नाही." नऊ वर्षे ती काडतुसे तिथे होती. कपाट उघडले की ती नाहीत हे वडिलांना दिसत असणार. त्यांनी एकदाही विचारले नाही. मला वाटते, त्यांना कळले होते आणि ते मनातून तिचे ऋणी होते.

बँकेत स्ट्राँगरूमला दोन चाव्या असतात. एक अधिकाऱ्याकडे, एक हेडकॅशियरकडे. एकट्याला तिजोरी उघडताच येत नाही. नव्याने लागलेल्या पोरांना हा अविश्वास वाटे. मी त्यांना सांगत असे, दुसरी चावी चोरासाठी नसते, प्रामाणिक माणसाच्या वाईट दिवसासाठी असते. हे वाक्य मी तीस वर्षे म्हणत होतो आणि आमच्या घरातली दुसरी चावी साबुदाण्याच्या डब्यात होती!

आपल्या कायद्यात ही दुसरी चावी कुठे आहे? पहिल्या परवान्याच्या वेळी पोलिसांची चौकशी होते, वैद्यकीय दाखला लागतो, सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडची हत्यारे तीनवरून दोनवर आणली आणि वारशाने आलेलीही त्याच दोनात मोजली. सरकारने आधी एकाचाच प्रस्ताव आणला होता. लग्नामुंजीत हौसेने बार काढणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही ठेवले. हे योग्यच झाले. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. म्हणजे वस्तू मोजल्या अधिक काटेकोरपणे आणि माणसाला प्रश्न विचारायचा तो अधिक उशिराने. पाच वर्षांत माणसाची नोकरी जाते, संसार मोडतो, दारू लागते. कॅनडात परवाना मागणाऱ्याच्या जोडीदाराला, अगदी नुकत्याच दुरावलेल्यालाही, अर्जाची माहिती दिली जाते. आपल्याकडे नूतनीकरणाच्या अर्जावर घरातल्या बाईचे मत घ्यायला काय हरकत आहे? कपाटापाशी कोण बसते, हे ठाणेदाराच्या आधी तिला ठाऊक असते.

यावर एक उत्तर मिळते, की गुन्हेगार बेकायदा कट्टे वापरतात, सज्जनांना कशाला छळता? कट्टे पकडणे हे पोलिसांचे काम आहेच आणि ते त्यांनी करावे. पण आत्महत्या, अपघात आणि घरातला संताप यांना कट्टा शोधत हिंडावे लागत नाही. घरात जे असेल ते पुरते. आणि सगळे परवाने सारखेही नाहीत. कोकणात रानडुकरांपासून भात वाचवायला ठासणीची बंदूक लागते. ती आईच्या विळीसारखी, कामाची वस्तू आहे. निवडणूक आली की कुणाचे हत्यार जमा करायचे ते छाननी समिती ठरवते, तेव्हा हा फरक तिने पाहावा. माझे रिव्हॉल्व्हर मात्र कुठलेही पीक राखत नाही.

मुलाला मी हे सगळे सांगितले. तो ऐकून घेतो, समंजस आहे. म्हणाला, "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?" मी म्हटले, "आहे. माझा माझ्यावरही होता, त्या शेतकऱ्याचं पासबुक बघेपर्यंत." थोड्या वेळाने त्यानेच पेटीतून रिव्हॉल्व्हर काढले, मुठीवर हात ठेवून पाहिला आणि परत ठेवले. मूठ त्यालाही बसली नाही.

मी वारसाच्या कागदावर सही केलेली नाही. हत्यार परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करून रीतसर विकायचा अर्ज दिला आहे. आलेले पैसे दोन्ही नातवंडांच्या नावे ठेवीत जातील, खाते संयुक्त. निळ्या मखमलीची पेटी मी ठेवून घेणार आहे. आजोबा कसे होते ते सांगायला तो मखमलीतला खळगा पुरेसा आहे.

येत्या खंडेनवमीला पाटावर तीनच वस्तू असतील. विळी, वडिलांची पिशवी आणि साबुदाण्याचा पितळी डबा.