फवारणी निष्फळ ठरते तेव्हा पिस्टनही तपासा

फवारणी करूनही फुलकिडे हटत नाहीत, दुसरे कीटकनाशक सुचवा, अशी विचारणा महाराष्ट्राच्या द्राक्षपट्ट्यातून वारंवार होते. किडींमध्ये प्रतिकारक्षमता निर्माण होते हे खरेच आहे. मात्र तो निष्कर्ष काढण्यापूर्वी ब्लोअर ज्या ट्रॅक्टरवर चालतो, त्याच्या इंजिनाची प्रकृती सहसा कोणी विचारीत नाही. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने पिस्टनविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण औषध किडीपर्यंत पोहोचविणारी शक्ती तेथूनच येते.

पिस्टन, रिंगा व लायनर झिजले की कंप्रेशन घटते आणि भार येताच इंजिनाचे फेरे उतरतात. पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे टिकले नाहीत, तर ब्लोअरचा पंखा मंदावतो. पंपाचा दाब रेग्युलेटर काही अंशी सावरून धरतो. हवेचा झोत मात्र त्याच्या हाती नसतो. दाबही निम्म्यावर आला, तर नोझलचा प्रवाह सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो, थेंब जाड पडतात आणि घडात किंवा पानाखाली दडलेली कीड वाचते. शेतकरी मग मात्रा वाढवितो. खर्च वाढतो, द्राक्षांवरील अवशेष वाढतात, फवारणाऱ्याला असलेला धोकाही वाढतो.

इंजिन खोलल्यावर ‘पिस्टन जुनेच राहू द्या, फक्त रिंगा बदला’ असा स्वस्त सल्ला मिळतो. जुन्या मोटारींच्या दुरुस्तीत नर्लिंगचीही रीत होती: पिस्टनच्या स्कर्टवर दाब देऊन उंचवटे उठवायचे, म्हणजे व्यास किंचित वाढतो व खडखड थांबते. सुटे भाग मिळत नसत त्या काळी ते समजण्याजोगे होते. पण ते उंचवटे लवकर झिजतात, आणि वरच्या रिंगेची रुंदावलेली खाच तशीच राहते. त्या खाचेत नवी रिंगही हलते, ऑइल वर चढते, निळा धूर सुरू होतो. खाच कातून स्पेसर बसविता येतो. संग्रहातील दुर्मीळ मोटारीसाठी तो खटाटोप शोभतो, हंगामभर भाराखाली राबणाऱ्या ट्रॅक्टरसाठी नव्हे. येथे मायक्रोमीटरने माप घेऊन सिलिंडर बोअर करावा व ओव्हरसाइज पिस्टन बसवावा. बदलता येणारे लायनर असल्यास लायनर-पिस्टनचा संचच बदलावा. एअर फिल्टरमधून धूळ आत जात असेल, तर हा खर्चही मातीमोल होईल.

दिल्ली परिसरात हा हिशेब निराळा आहे. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना येथे मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि २०२५ मध्ये तो विषय पुन्हा न्यायालयापुढे आला. अशा अनिश्चिततेत जुने डिझेल इंजिन नव्याने बांधण्यास कोण धजावेल? महाराष्ट्रातील बागायतदारापुढे ही अडचण नाही. म्हणूनच त्याने अर्धवट दुरुस्तीवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी ब्लोअर चालू ठेवून, टाकी भरलेली असताना, पीटीओचे फेरे टॅकोमीटरने मोजावेत आणि दाबमापकाची नोंद घ्यावी. कीटकनाशक बदलण्याची शिफारस त्यानंतर करावी.