माळशेजची सायकलस्वारी

आमच्या नातवानें मुलुंडहून कल्याण, मुरबाड करीत सायकलीनें माळशेज घाट चढण्याचा बेत आंखला, तेव्हां सौभाग्यवतींनीं अबोला धरला. आम्हीं बेत तपासला. चढाची तयारी चोख. परतीच्या उताराचा विचारच नाहीं! वास्तविक चढ दमवितो एवढेंच. उतारावर ब्रेक सारखा दाबून ठेवल्यास रिम तापते, म्हणून तो दाबीत-सोडीत उतरावें लागतें. श्रावणांत तेथें धुकें, ओला रस्ता आणि दरडींचें भय. सबब स्वारी मार्गशीर्षांत ढकलली. (धबधब्यांस मुकलों, ही त्याची तक्रार रास्तच आहे.) मुरबाडपुढें दुरुस्तीचा भरंवसा नाहीं, म्हणून जादा ट्यूब व पंप बरोबर. ब्रेकचीं नवीं रबरें आम्हीं पेन्शनींतून आणलीं. सौभाग्यवती अद्याप बोलत नाहींत. मात्र काल लाडवांसाठीं डिंक तळीत होत्या.