आजोबांच्या मागची भिंत
लग्नाच्या ग्रुप फोटोतून आजोबांना वेगळं काढा, मागे निळा रंग द्या आणि हार घालायला फ्रेम करून द्या, ही मागणी गावोगावच्या फोटो स्टुडिओंना नवी नाही. हल्ली मोबाइलवर एका टिचकीत पार्श्वभूमी उडते. पण फोटो मोठा करून बघा: फेट्याचा शेमला अर्धा गायब, चष्म्याच्या काचेतून मांडवाचा लाल रंग अजून डोकावतोय आणि पांढऱ्या केसांची कड कात्रीने कापल्यासारखी. चांगला कारागीर इथे वेळ देतो. फोटोशॉप असो की फुकट मिळणारं गिम्प, तो मागचा भाग खोडत नाही, मास्कखाली झाकतो. मास्कवर काळा रंग फिरवला की तेवढा भाग लपतो, पांढरा फिरवला की परत दिसतो. मूळ चित्राला धक्का लागत नाही. खांद्याची कड तो पेन टूलने किंचित आतून आखतो, म्हणजे जुन्या रंगाची किनार उरत नाही. केसांना ही रेघ चालत नाही. तिथे मऊ ब्रश आणि करड्या छटा हव्यात, कारण करडं म्हणजे अर्धवट पारदर्शक. फाइल पीएनजी ठेवावी. जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही. आणि एवढं कराच: मूळ फोटोचा पूर्ण स्कॅनही मागून घ्या. आजोबांच्या शेजारी उभ्या असलेल्या आत्याचा, मागच्या सारवलेल्या भिंतीचा दुसरा फोटो घरात कदाचित नसेलच.